बागाईतदाराच्या डोक्यातले नियम

आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याच्या बागेला पाणी थांबवून दिलेला ताण नेमका कधी तोडायचा, म्हणजे पाणी पुन्हा कधी सुरू करायचे, हे काटोलकडचे आमच्या ओळखीचे एक बागाईतदार झाडाकडे नुसते पाहून सांगतात. त्यांचे हे जाणतेपण संगणकाला पाळता येतील अशा नियमांत उतरवण्याचे काम सध्या मी नागपुरात बसून करतो आहे. ‘भाऊ, कसं ओळखता?’ असे सरळ विचारले, तर ‘पानं पाहा लागते’ यापुढे उत्तर सरकत नाही. तज्ज्ञ प्रणालींचे, म्हणजे जाणत्या माणसाचे ज्ञान नियमांत साठवून त्याच्यासारखा निर्णय देणाऱ्या संगणकीय प्रणालींचे, एक प्रवर्तक एडवर्ड फायगेनबाम यांनी ज्ञान मिळवण्याच्या याच टप्प्याला या विद्येतील मोठी अडचण मानले होते.

मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन मात्र मुळात संगणकाचे नव्हेच. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केली यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या तक्त्याच्या पद्धतीत तीन गोष्टी समोर ठेवून, कोणत्या दोन सारख्या आणि तिसरी कशात वेगळी, एवढेच विचारतात. पुढे १९८०च्या दशकात बोइंगमध्ये जॉन बूस यांनी तिच्यावर ज्ञानसंकलनाची संगणकीय प्रणाली उभारली. मी भाऊंना तीन झाडांचे फोटो दाखवले, तेव्हा ‘ह्या दोघांची चमक गेली, त्याची नाही’ हे वाक्य आपसूक आले. त्यापाठोपाठ पानांचे वळणे, पानगळ आणि जमीन भारी की हलकी, हेही निघाले. मग प्रत्येक झाडाला प्रत्येक लक्षणासाठी एक ते पाच गुण द्यायचे, की तक्ता तयार.

पण तक्ता अपवाद सांगत नाही, आणि खरी विद्या तिथेच असते. स्टॅनफर्डच्या मायसिन या रक्तातील जंतुसंसर्गावरील प्रणालीसाठी रँडल डेव्हिस यांनी केलेल्या टायरेसियस या जोड-प्रणालीमध्ये, निष्कर्ष चुकला की तो कोणत्या नियमाने आला हे डॉक्टरला तपासता येई आणि तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवता येई. सिडनीत पॉल कॉम्प्टन यांनी थायरॉइडच्या अहवालांवर काम करताना याहून सुटसुटीत वाट काढली: जुना नियम खोडायचा नाही, त्याला अपवाद जोडायचा, आणि ज्या प्रकरणामुळे तो सुचला ते प्रकरणही सोबत जपायचे. माझ्या मते बागेसाठी हीच पद्धत योग्य, कारण भाऊंना नियम आठवत नाहीत, पण कोणत्या साली कोणत्या धुऱ्याजवळच्या झाडांनी दगा दिला, हे ते बिनचूक सांगतात. म्हणून आता माझ्या नोंदवहीत प्रत्येक अपवादाशेजारी वर्ष, जमीन आणि झाडाचा फोटो असे तीन रकाने आहेत.