उरण टर्मिनस, १:१६० – नोंद चौथी: रूळ बसले!

मंडळी, रविवारी पहिला डबा बोटाने ढकलत पार बफरपर्यंत (रुळाच्या टोकाच्या अडथळ्यापर्यंत) नेला आणि तो कुठेही घसरला नाही. तीन महिन्यांचं काम सार्थकी लागलं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. नेरुळच्या घरी बंद गॅलरीत साडेदहा फुटी फळीवर उरण लोकल स्टेशनचं छोटं मॉडेल उभं करतोय. लोकलचा डबा साधारण २०.७ मीटरचा. एचओ स्केलमध्ये (१:८७) बारा डबे २.८६ मीटर होतात, मग सांध्यांना (गाडी रूळ बदलते त्या जागांना) जागाच उरत नाही. नऊ डब्यांवर भागवा, असं काहींनी सुचवलं, पण उरणला बारा डबेच शोभतात. म्हणून १:१६० घेतलं, म्हणजे सगळं खऱ्याच्या एकशेसाठाव्या भागाएवढं. डबा १३ सेंटिमीटर, पूर्ण गाडी दीड मीटरच्या थोडी वर.

खरी मेहनत रुळांची. तयार ट्रॅक ९ मिमी गेजचा (दोन रुळांमधलं अंतर) मिळतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे या मापात साडेदहा. दीड मिमीचा फरक समोरून पाहताना फार खुपतो, गाडी चिंचोळ्या वाटेवर उभी असल्यासारखी दिसते. शेवटी पीसीबीच्या (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या कापून स्लीपर केले आणि कोड ४० रूळ (०.०४० इंच उंचीचे) डाग देऊन बसवले. खरा ६० किलोचा (मीटरमागे) रूळ १७२ मिमी उंच, कोड ४० एक मिमीचा. माप जवळपास तंतोतंत जुळतं!

सांधे दोनदा उखडले. टर्मिनसच्या तोंडाशी क्रॉसओव्हर (एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणारा जोड) नीट नसेल, तर आलेली गाडी परतीच्या रुळावर जाणार कशी? सगळा खेळ तिथेच आहे. इंजिन फिरवायची भानगड नाही, मोटरमन आणि गार्ड फक्त टोकं बदलतात.

खऱ्या उरण मार्गाला मंजुरी मिळाली १९९६-९७ मध्ये. सिडकोचा दोन तृतीयांश वाटा, रेल्वेचा एक तृतीयांश. जमिनी आणि खारफुटीच्या परवानग्यांत वर्षं गेली. ११ नोव्हेंबर २०१८ ला गाडी खारकोपरपर्यंत आली आणि पाच वर्षं तिथूनच परतत राहिली. उरणला पोहोचली १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूच्याच दिवशी. तोवर उरणकरांना एसटी, नाहीतर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच. म्हणून मागच्या पडद्यावर मिठागरं, तिवरं आणि कंटेनरचे ट्रेलर रंगवणार आहे. नुसती इमारत ठेवली तर ते उरण वाटणारच नाही.

फलाटाची उंची ९२० मिमी धरली, म्हणजे पावणेसहा मिमी. तिकीटखिडकी, बाक, इंडिकेटर नंतर. आधी दिवे: गाडी आली की पुढचे पांढरे विझून लाल लागले पाहिजेत आणि दुसऱ्या टोकाला उलट. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणलेत, वायरिंग दिवाळीच्या सुट्टीत.

कोड ४० चे तुकडे कुणाकडे उरले असतील तर कळवा, अडीच फूट कमी पडतायत.