तुम्ही विचारलंत म्हणून: गवंडीकाम कुठं शिकलात?

घरमालक, साइटवर नवीन आलेले इंजिनियर, सगळे हेच विचारतात, कोर्स केला होता का? नाही. आमच्याकडं मिस्त्रीच्या हाताखालीच शिकायचं.

आधी बिगारी म्हणून लागायचं. वाळू चाळा, विटा वाहा, विटा टाकीत भिजत घाला आणि बुडबुडे यायचे थांबले की मगच काढा, कारण कोरडी वीट मालातलं (म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी ओढून घेते आणि सांधा धरत नाही. मग एकास सहाचा, म्हणजे एक सिमेंट सहा वाळू, माल कालवायचा. पोरं इथंच कंटाळून पळतात, पण मालाचा अंदाज हाताला आल्याशिवाय थापी धरून काय उपयोग.

पुढं मधली भर. दोन्ही कोपरे मिस्त्री उचलणार, दोरी ताणून देणार आणि आपण दोरीच्या अंदाजानं विटा लावत जायच्या. वीट दोरीला टेकवायची नाही बरं का, केसभर जागा सोडायची, नाहीतर दोरीच बाहेर ढकलली जाते आणि भिंतीला पोट येतं.

कोपरा सगळ्यात शेवटी. नऊ इंची भिंतीत (इंग्लिश बॉण्ड म्हणतात ते) एका थरात विटा भिंतीच्या लांबीला, वरच्या थरात रुंदीला, आणि रुंदीच्या थरात कोपऱ्याच्या विटेला लागून उभी चिरलेली अर्धी वीट घालावी लागते, ती विसरली की सांध्यावर सांधा येत जातो. शिवाय दर दोन-तीन थरांनी भिंत सरळ उभी आहे का बघायला ओळंबा, म्हणजे दोऱ्याला वर लाकडी गट्टू आणि खाली लोळी, लटकतं वजन. लाकडी गट्टू वरच्या विटेला टेकवायचा, खाली लोळी भिंतीला जेमतेम शिवली पाहिजे. लांब लटकली तर भिंत वर बाहेर झुकलीय, दोरा तिरका होऊन लोळी भिंतीवर रेलली तर खालचा भाग बाहेर आलाय. माल ओला आहे तोवर थापीच्या दांड्यानं वीट ठोकून सरळ करता येते, घट्ट झाल्यावर हलवली तर खालची पकडच सुटते, मग थर काढूनच टाकायचा. चांगला मिस्त्री तो काढायला लावतो आणि शेजारी उभा राहून परत लावून घेतो. माझ्या मते शिक्षण ते एवढंच.

आज हे उभं राहणंच परवडत नाही. ठेका ब्रासवर (शंभर घनफुटांचं माप) नाहीतर स्क्वेअर फुटावर, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, मोठ्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) भिंती झरझर चढतात, मग शिकाऊ पोराला कोपरा देऊन अर्धा दिवस कोण घालवणार? मिस्त्रीलाही दोष देववत नाही, त्याचंही पोट त्यावरच आहे. ठेक्यातच शिकाऊ पोराची मजुरी वेगळी धरली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आयटीआयमध्ये गवंडीकामाचा वर्षाचा ट्रेड आहे, काम येणाऱ्यांना परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळायचीही सोय आहे, आणि ते घ्यावंच, बाहेरगावी, आखातात कामाला जाताना कागद लागतो. मुलाला या लाइनीत घालायचं असेल तर आयटीआयला जरूर घाला, पण नंतर साइट बघताना पगाराच्या आधी मिस्त्रीला एवढं विचारा, कोपरा उचलायला कधी देणार?