वाडा वाचवला आणि त्यातच राहतोय (माझा अनुभव)

अमळनेरच्या जुन्या भागातला हा वाडा पाडून तिथे कॉम्प्लेक्स उभं राहणार होतं. आम्ही वही (खानदेशातलं लोकगायन) गाणारे, चित्रकार, एक ढोलकीवाले आप्पा, सगळे भाड्याच्या खोल्यांत राहणारे, रियाज सुरू केला की घरमालकाची कटकट ठरलेली. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर कलादालन म्हणून जपलंय, ते फार सुंदर काम आहे, पण आम्हाला राहतं घर पाहिजे होतं, म्हणून हा वाडाच मिळून विकत घ्यायचं ठरवलं.

सगळ्यात जास्त दमवलं वारसांनी. प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबांचंच नाव, वारस कोणी सुरतेला, कोणी नाशिकला, आधी वारस नोंदी, मग प्रत्येकाची संमती, एक सही मिळाली की दुसरा फोनच उचलत नाही. थोरले नाना तर म्हणायचे, "वाडा मना बापना शे, इकाना नही" (माझ्या बापाचा आहे, विकायचा नाही). पाडणार नाही हे कागदावर लिहून दिलं तेव्हा तेच बाकीच्यांना समजवायला लागले, नाना नसते तर खरेदीखत झालंच नसतं.

खरेदी कोणा एकाच्या नावावर करायची नाही हे मी पहिल्यापासून धरून बसलो होतो. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली गृहनिर्माण संस्था काढली, वाडा संस्थेचा, सभासदाला फक्त राहायचा हक्क, आणि सोडून जाताना शेअरची मूळ रक्कमच परत, बाजारभाव नाही. यावर जोरात भांडणं झाली, एकदोघे निघूनही गेले, पण ही अट ढिली केली असती तर पाच वर्षांत इथे एकही कलाकार दिसला नसता असं मला आजही वाटतं.

कामाचं थोडक्यात सांगतो. इंजिनिअरने तुळया ठोकून बघितल्या, सागवान ठणठणीत, फक्त भिंतीतली टोकं वाळवीने खाल्लेली, तेवढीच कापून नवीन जोडली. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वर्षानुवर्षं मातीचे थर चढवत गेलेले, तेच वजन तुळयांना भारी झालं होतं, म्हणून जादा माती उतरवली. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका हो, ओल आत अडकते आणि भिंत आतून पोखरते, आम्ही चुनाच वापरला, वेळ जास्त लागतो पण भिंत श्वास घेते.

आता खालच्या खोल्या भरल्यात, चौकात रियाज चालतो. वरच्या मजल्याचं धाबं राहिलंय, त्यासाठी वर्गणी सुरू आहे आणि पावसाळ्याआधी ते उरकायचंय.