टॅनिंग बेडचं वायरिंग: आधी नेमप्लेट वाचा

टॅनिंग बेड म्हणजे अतिनील दिव्यांत झोपून त्वचा तांबूस करायचं यंत्र. प्रत्येक व्यावसायिक टॅनिंग बेडला स्वतंत्र सर्किट हवं. समजा नेमप्लेटवर (यंत्रावरच्या माहितीपट्टीवर) २३० व्होल्ट, ७ किलोवॅट लिहिलंय. करंट होतो साधारण ३०.४ अँपिअर. लोड सलग चालणारा धरून १.२५ ने गुणलं की ३८. म्हणजे ब्रेकर ४० अँपिअरचा, तांब्याची वायर १० चौरस मिमी. अंतर लांब असेल तर आणखी जाड. (नेमप्लेटवर वेगळा ब्रेकर सांगितला असेल तर तोच.)

खरी गोची व्होल्टेजची. थ्री-फेज इमारतीत दोन फेजमध्ये (अमेरिकेत असतात तसे) २०८ व्होल्टच मिळत असतील, तर २३० च्या बेडचे दिवे मंद जळतात, लागायलाही कुरकुरतात. दिवे बदलून पैसे घालवू नका; बक-बूस्ट ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज थोडं वाढवणारा किंवा कमी करणारा) लावा. मग बेड चालू असतानाच व्होल्टेज मोजा, कारण लोड नसताना दिसणारा आकडा फसवतो. ढिले टर्मिनल तापून इन्सुलेशन जळतं, तेव्हा स्क्रू अंदाजाने नाही, सांगितलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोराने) आवळा.