मागाच्या शेडमध्ये तिघांचा अल्बम

अक्कलकोट रोड एमआयडीसीतली आमची शेड मुळात टॉवेलच्या मागांची. वडिलांनी माग मोडीत काढले तेव्हा शेडला भाव येत नव्हता, म्हणून ती राहिली. स्टुडिओ निघाला त्याचं खरं कारण एवढंच. "मालक, संगीताची आवड लहानपणापासूनच का?" असं कुणी विचारलं की मी हो म्हणून मोकळा होतो. आवड होतीच, पण त्याहून रिकामी शेड मोठी होती.

सुरुवातीचं काम म्हणजे निवडणुकीच्या रिक्षांवर वाजणारा प्रचार, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, दुकानांच्या जाहिराती आणि भक्तिगीतं. सकाळी मार्कंडेय महामुनींचं तेलुगू गाणं, दुपारी स्वामी समर्थांची आरती, संध्याकाळी लिंगायत संतांची कन्नडमधली वचनं. तीन भाषांचा धंदा एका छताखाली चालतो हे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओवाल्यांना सांगून पटत नाही, सोलापुरात त्यात काही विशेष नाही. या कामाची पद्धत ठरलेली असते. गायक काचेच्या खोलीत एकटा, कानात क्लिक म्हणजे लयीची टिकटिक, मागं आधीच बांधलेला ट्रॅक. सूर हलला तर सॉफ्टवेअरनं ओढून जागेवर आणायचा. पैसे वेळेवर येत नाहीत, पण येतात. त्यातून एकेक करत चांगले माइक घेत गेलो.

शेजारच्या शेडमध्ये माग अजून चालू आहेत. खटखट भिंतीतून येते त्यापेक्षा जास्त जमिनीतून येते. म्हणून शेडच्या आत दुसरी खोली उभी केली. रबराच्या ठोकळ्यांवर वेगळी फरशी, दुहेरी भिंत, मधे रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर, आणि आतल्या भिंतीचा बाहेरच्या भिंतीला कुठंही स्पर्श नाही. खर्च ऐकून वडील म्हणाले, "एवढ्यात दोन रॅपियर माग आले असते." बरोबरच होतं त्यांचं. भिंतींना सोलापुरी चादरी लावल्या की आवाज बंद होतो, असा समज घेऊन पुष्कळ जण येतात. चादर खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा शोषते, बाहेरचा आवाज अडवत नाही, आणि खर्जाला तर ती लागूच पडत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत जाड रॉकवूल भरावं लागतं, मागं हवेची पोकळी सोडून. चादरी आमच्याकडंही आहेत, पण त्या कशासाठी ते पुढं येईलच.

2018 साली अधिक ज्येष्ठ आला. मे-जूनमधल्या त्या महिन्यात लग्नं बंद, त्यामुळं आमचे सुंदरीवाले मामा मोकळे. सुंदरी आपल्या सोलापूर-अक्कलकोट भागाचं वाद्य. सनईच्याच घराण्यातलं, पण आखूड, आवाज जास्त टोकदार. पंडित सिद्राम जाधवांनी ते मैफलीत नेलं. आमचे मामा मैफलीतले नव्हेत, लग्नाच्या चौघड्यातले. त्यांना शोधत पुण्याहून एक डबल बास (उभं धरायचं, माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य) वाजवणारा आणि मुंबईहून एक ड्रमर आला. दोघांनी मामांना कुठल्याशा वरातीत ऐकलं होतं आणि तिघांनी मिळून अवाँगार्द, म्हणजे ठरलेली चौकट मोडणाऱ्या, जॅझचा अल्बम करायचा असं त्यांच्या मनात होतं. मामा म्हणाले, करू, पण सोलापुरात. मुंबईला जाऊन वाजवायला त्यांची तयारी नव्हती.

जॅझ म्हणजे हॉटेलातलं संगीत, एवढीच माझी माहिती. तीही अगदी खोटी नाही. 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये जॅझ बँड वाजायचे आणि पुढं गोव्याच्या वादकांनी ते सिनेमाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत नेलं. 1978 पासून मुंबईत जॅझ यात्रा भरू लागली, पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. पण या पोरांच्या डोक्यातलं जॅझ निराळं होतं. त्यांनी आधी एक संध्याकाळ नुसतं ऐकायला बसवलं. मला, माझ्या रेकॉर्डिस्टला आणि मामांना.

पहिला लावला सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ'. डिसेंबर 1960 मधलं रेकॉर्डिंग. चौघांचे दोन संच एकाच वेळी वाजवतात, एक डाव्या स्पीकरमध्ये, दुसरा उजव्या, आणि सदतीस मिनिटं थांबत नाहीत. रेकॉर्डिस्ट मधेच चहा सांगायला म्हणून उठला तो बराच वेळ आला नाही. मग 'मनी जंगल', सप्टेंबर 1962. पियानोवरचा ड्यूक एलिंग्टन तेव्हा साठी ओलांडलेला, बासवरचा चार्ल्स मिंगस आणि ड्रम्सवरचा मॅक्स रोच त्याच्यापुढं पोरं. तिघंही आपापल्या जागी सरदार. मिंगस भांडून निघून गेला आणि एलिंग्टननं समजूत काढून परत आणला अशी कथा सांगतात. ऐकताना ती खरी वाटते, बासच्या तारा अशा ओरबाडल्यात. कोडोना या त्रिकुटाचंही थोडं वाजवलं. त्यातला कॉलिन वॉलकॉट अमेरिकन, पण रविशंकर आणि अल्लारखाँकडं शिकलेला, सतार-तबला वाजवायचा. मामांनी सतारीला मान डोलावली, बाकी काही बोलले नाहीत.

शेवटी अल्बर्ट आयलरचा 'स्पिरिच्युअल युनिटी'. जुलै 1964, न्यूयॉर्क, सॅक्सोफोन-बास-ड्रम्स, सगळा मिळून जेमतेम अर्ध्या तासाचा. एकच चाल सुरुवातीला आणि शेवटी, दोन तऱ्हांनी. आयलर सूर असा थरथरवतो की माणूस रडतोय की ओरडतोय समजू नये. मला ते झेपत नव्हतं. मामा मात्र पुढं सरकून बसले आणि म्हणाले, "हा वरातीतला आहे." बासवाला हसला, कारण आयलरच्या चालींत लष्करी बँडची आणि चर्चच्या गाण्यांची धाटणी असते, हे जाणकार लोक लिहूनच गेलेत. मामांनी ते फक्त कानानं ओळखलं.

आमची तयारी आमच्या सवयीची होती. तिघांना तीन खोल्या, मधे काच, कानात हेडफोन, म्हणजे प्रत्येक वाद्य सुटं मिळेल आणि नंतर हवं तसं दुरुस्त करता येईल. मामांनी थोडंसं वाजवलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "त्याची छाती भरलेली दिसत नाही मला. मी कधी फुंकू?" इथं ताल धरून ठेवणारा तबला नाही, क्लिक नाही, ठरलेली सम नाही. कोण सुरू करणार, कोण थांबणार, हे नजरेवर चालणार. काचेतून नजर जाते, पण हेडफोनमधला आवाज आणि काचेपलीकडचा हात यांचं जुळत नाही, असं ड्रमरही म्हणाला.

मग तिघांना मोठ्या खोलीत त्रिकोणात बसवलं. मधे कमरेएवढ्या लाकडी चौकटी, त्यांवर चौपदरी चादरी, म्हणजे झांजेची धार थेट सुंदरीच्या माइकवर येत नाही आणि एकमेकांची तोंडं दिसतात. माइक आपल्या वाद्यापासून जेवढ्या अंतरावर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांत, हा जुना ठोकताळा. शिवाय त्रिकोणाच्या मध्यावर उंच टांगलेली माइकची जोडी. शेवटी मिक्समध्ये सगळ्यात जास्त तीच जोडी वापरली गेली.

यात लीकेज असतंच. बासच्या माइकमध्ये सुंदरी, सुंदरीच्या माइकमध्ये ड्रम्स. याचा अर्थ एकाचा भाग नंतर बदलता येत नाही. टेक, म्हणजे एका दमात वाजवलेलं रेकॉर्डिंग, ठेवायचा तर तिघांचा, टाकायचा तर तिघांचा. भक्तिगीतात ओळ-ओळ जोडायची सवय असलेल्या माझ्या रेकॉर्डिस्टला हे फार जड गेलं. एका टेकमध्ये बासचा गज मधेच घसरला होता आणि मामांनी तो घसरलेला सूर उचलून पुढं नेला होता. बासवाल्याला टेक नको, मामांना हवाच. ड्रमर म्हणाला, उद्या सकाळी ऐकू. सकाळी ऐकून तिघांनी ठेवला.

सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर. टेक चालू असताना एसी बंद, त्याची घरघर माइक पकडतो. खोली तापली की गंमत सुरू. हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो. तारा तापल्या की सैलावतात, बासचा सूर उतरतो. लांबलचक टेकमध्ये दोघं हळूहळू एकमेकांपासून लांब जायला लागले. पहिल्या दिवशी मी प्रत्येक टेकनंतर खोली थंड करून पुन्हा सूर लावायला सांगत होतो. बासवाल्याला ते अंतर आवडलं. एक तुकडा त्यांनी मुद्दाम एसी बंद ठेवून, तापत्या खोलीत, सूर परत न लावता वाजवला. त्यात शेवटी शेवटी बास आणि सुंदरी यांच्यामध्ये जो काही खरखरीत पट्टा तयार होतो, तो कुठल्या यंत्रातून काढता आला नसता. माझ्या मते अल्बममधली सगळ्यात चांगली जागा तीच. दुसरा मोठा तुकडा मला अजूनही लांबलेला वाटतो आणि तसं मी तिघांना सांगितलंय.

कोरड्या हवेत डबल बासचं लाकूड तडकायची भीती. पुण्याचं वाद्य, सोलापूरच्या उन्हाची सवय नाही. रात्री खोलीत ओले टॉवेल टांगायचो. वडील एकदा बघायला आले आणि म्हणाले, "आले का परत टॉवेल?"

बासची सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झची. तेवढ्या खर्जाची एक लहर आठ मीटरहून लांब असते. छोट्या खोलीत ती कोपऱ्यात साठून सगळं गढूळ करते. आमच्या शेडची उंची आणि लांबी इथं कामाला आली. पत्र्याखाली माग बसावेत म्हणून वडिलांनी जी उंची घेतली, तिच्यामुळं बास स्वच्छ उतरला. मुंबईत एवढ्या छताचा स्टुडिओ या भावात मिळणं अवघड, हे ड्रमरनंच हिशेब करून दाखवलं.

कागदपत्रांना रेकॉर्डिंगएवढाच वेळ गेला. आपल्याकडच्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क मुळात निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा, आणि तो प्रसिद्धीनंतर 60 वर्षं चालतो. वादकाचा हक्क वेगळा, 50 वर्षांचा. 2012च्या दुरुस्तीनंतर वादकाला रॉयल्टीचाही अधिकार आहे. चौघड्यात बिदागी हातात पडली की विषय संपतो, म्हणून मामांना वाटत होतं आपलं काम वाजवून झालं. बाकी दोघांनी ऐकलं नाही. संगीत जागच्या जागी तिघांनी मिळून रचलं, म्हणून रचनाकार तिघं, निर्माते तिघं, वाटा सारखा, आणि मुखपृष्ठावर नावं वर्णानुक्रमे. मामांचं नाव वर्णानुक्रमात शेवटी येतं. त्यांच्या मुलानं हरकत घेतली, मामांनी नाही. आम्ही आमचं भाडं घेतलं, सवलतीत. टक्केवारी मागितली नाही. मागितली असती तरी फार काही हाती लागलं नसतं, अल्बम ज्यांनी घेतला ते बरेचसे परदेशातले आणि मोजकेच.

पण धंदा त्यानंतर वळला. बासवाल्यानं पुण्यात सांगितलं, तिथून एक ध्रुपदवाले आले, मग दोन वादकांची जुगलबंदी, मग हलगी-संबळवाल्यांचा एक मोठा ताफा. सगळ्यांची मागणी एकच, एकत्र बसून वाजवायचंय. काचेच्या तीन खोल्यांपैकी दोन आम्ही पाडल्या आणि मोठी खोली आणखी मोठी केली. लॉकडाऊनमध्ये हेच अंगाशी आलं. एकेकटा गायक घरून गाणं पाठवू शकत होता, पण आमच्याकडं विकायला एकत्र बसण्याची जागाच होती आणि एकत्र बसायलाच बंदी. त्या काळात प्रचाराच्या आणि दुकानांच्या जाहिरातींनी पगार निघाले. म्हणून ते काम आजही सोडलेलं नाही आणि त्याची लाजही वाटत नाही.

तिघांना आता तो अल्बम एलपीवर काढायचाय. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बरी. त्याहून वेळ वाढवली तर चरे दाटीनं कापावे लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. बासच्या खर्जाला तर रुंद चरा लागतो. तापत्या खोलीतला तुकडा सव्वीस मिनिटांचा आहे. बासवाला म्हणतो मधे तोडून दोन बाजूंना वाटू, ड्रमर म्हणतो आवाज कमी झाला तरी चालेल, मामा म्हणतात तबकडीच नको. तिघांचं जमेपर्यंत मास्टर आमच्याकडं हार्ड डिस्कवर आहे, दोन प्रतींत.

बुकिंगबद्दल विचारणारे बरेच असतात म्हणून सांगून ठेवतो. संक्रांतीला गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा असते, त्या पंधरवड्यात शांत रेकॉर्डिंगच्या तारखा देत नाही, आमची माणसं जत्रेत असतात. मे महिन्यात देतो, पण एसीचं आधी बोलून घ्यायचं.