आर्नोल्ड आणि स्टॅलोन, दोघांचा आवाज एकच

आर्नोल्ड श्वार्झनेगर मूळचा ऑस्ट्रियाचा, म्हणजे मातृभाषा जर्मनच. तरी इथे जर्मनीत टीव्हीवर ‘टर्मिनेटर’ लागला की ऐकू येणारा आवाज त्याचा नसतो. तो असतो थॉमस डानेबर्ग यांचा. चॅनल बदलला आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन दिसला, तर तिथेही डानेबर्गच! जॉन ट्रॅव्होल्टा? पुन्हा तेच. सडपातळ, उंच ब्रिटिश विनोदवीर जॉन क्लीजसुद्धा त्यांच्याच गळ्यातून बोलतो.

हिंदीत डब केलेले हॉलिवूडपट आपण आवडीने पाहतो, पण आवाज कोणाचा, हे सहसा विचारत नाही. इथे थिएटरात काय, टीव्हीवर काय, बहुतेक लोक परदेशी सिनेमा जर्मनमध्येच बघतात आणि एका नटाला शक्यतो एकच आवाज वर्षानुवर्षं असतो. तो बदलला की लोक चक्क हळहळतात.

डानेबर्ग यांचा जन्म 1942 चा, बर्लिनचा. पडद्यावरही त्यांनी भूमिका केल्या, पण खरं आयुष्य गेलं ते मायक्रोफोनपुढे. हे काम भारी कष्टाचं. संवादांचे छोटे तुकडे पाडतात, त्यांना ‘टेक’ म्हणतात, आणि एकेक तुकडा पडद्याकडे बघत बोलायचा. नटाचा चेहरा जवळून दिसत असताना त्याचे ओठ मिटले, की नेमकं तिथेच प, ब किंवा म यायला हवं. ओठ इंग्रजी बोलणार, कानावर जर्मन पडणार आणि प्रेक्षकाला शंकाही येता कामा नये. डानेबर्ग स्वतः जर्मन संवाद लिहायचे, डबिंगचं दिग्दर्शनही करायचे.

2010 च्या ‘द एक्स्पेंडेबल्स’मध्ये चर्चमधला एक प्रसंग आहे. स्टॅलोन आणि श्वार्झनेगर समोरासमोर उभे राहून एकमेकांना टोमणे मारतात. जर्मन आवृत्तीत दोन्ही बाजूंनी बोलतात डानेबर्गच. मी तो प्रसंग डोळे मिटून ऐकला. तरी माणसं दोनच वाटली. याला मी अस्सल अभिनय म्हणते.

पुढे तब्येतीमुळे त्यांना थांबावं लागलं. 2019 च्या ‘टर्मिनेटर’मध्ये श्वार्झनेगरला दुसरा आवाज होता. 2023 मध्ये डानेबर्ग गेले. एखाद्या ॲनिमेशनपटाला टीव्हीवरचा लोकप्रिय चेहरा आवाज देतो, तेव्हा त्याचं नाव पोस्टरवर ठळक झळकतं. डानेबर्ग यांच्यासारख्यांचं नाव मात्र शेवटच्या श्रेयनामावलीत, लोक उठून चालायला लागल्यावर. हे मला फार खुपतं. तुमच्यापैकी कोणी जर्मन शिकत असेल, तर तो चर्चमधला प्रसंग आधी इंग्रजीत आणि मग जर्मनमध्ये जरूर ऐका.