स्पेलिंग चुकलं की भाव उतरतो

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची सीडी इंटरनेटवर स्वस्त मिळते, ती बहुतेक वेळा विकणाऱ्याला तिच्यावर काय आहे हे धड लिहिता आलेलं नसतं म्हणून. जर्मनीतल्या कुठल्याशा गोदामात एकाच्या पुढ्यात जुन्या तबकड्यांचा ढीग असतो. त्यातल्या एकीवर मल्लिकार्जुन मन्सूर असतात. तो बारकोड स्कॅन करतो, तो जमला नाही तर वाचता येईल तसं नाव टाइप करतो आणि तबकडी ‘वर्ल्ड म्युझिक’मध्ये टाकून मोकळा होतो. मग मन्सूरबुवा आफ्रिकन ढोल आणि आयरिश बासरी यांच्या मधे पडून राहतात. नीट स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून खपत नाहीत, आणि खपत नाहीत म्हणून किंमत हळूहळू उतरत जाते. सांगलीत बसून मोबाइलवर खरेदी करणाऱ्याचं भांडवल एवढंच: आपल्याकडची नावं परक्या हातून किती तऱ्हांनी चुकतात, हे त्याला ठाऊक असतं.

मन्सूर लिहिताना कुणी यू घालतो, कुणी दोन ओ. भीमसेनमधल्या ‘भी’ला कुठे आय, कुठे दोन ई. रागांची गोष्ट याहून मजेची. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याला डमडममध्ये, त्यामुळे मालकंसाचा मालकोश, बिहागाचा बेहाग आणि यमनाचा इमन झालेला ठिकठिकाणी सापडतो. तोडीत कधी डीच्या जागी आर येतो. म्हणून गायकाच्या नावावर भिस्त ठेवू नये. तबलजीच्या नावाने शोधावं, मालिकेच्या नावाने शोधावं. सर्वांत खात्रीचं म्हणजे डबीच्या कण्यावर छापलेला कंपनीचा कॅटलॉग नंबर, कारण आकड्याला उच्चार नसतो. तो एकदा जोडून, एकदा मधे जागा सोडून टाइप करावा. डिस्कॉग्जसारख्या, तबकड्यांची सूची आणि बाजार एकत्र असलेल्या संकेतस्थळावर हवी ती आवृत्ती यादीत टाकून ठेवली, तर कुणी विकायला काढल्यावर ईमेल येतो. ओएलएक्स आणि फेसबुकवर ती सोय भरवशाची नाही. तिथे ‘ओल्ड सीडी लॉट’ एवढंच लिहून पलंगावर पसरलेल्या ढिगाचा एक धूसर फोटो असतो. तो मोठा करून कणे वाचायचे, आणि “दादा, सगळ्या मिळून शेवटचं किती?” असं विचारायचं. एकच हवी असली तरी एकच मागू नये. भाव लगेच चढतो.

लेबलांची ओळख असली की फोटोतल्या कण्याचा रंगही पुरतो. ब्रिटनमधल्या निंबसने आपल्या बऱ्याच कलावंतांची ध्वनिमुद्रणं केली, एकाच जागी ठेवलेल्या मायक्रोफोनवर आणि राग लांबवर जाऊ देऊन. लंडनच्या नवरसने मैफली काढल्या. न्यूयॉर्कच्या इंडिया आर्काइव्ह म्युझिकला आलाप लांबला तर घाई नसे. फ्रान्सच्या सरकारी रेडिओचं ओकोरा आहेच. परदेशी ग्रंथालयांनी या सीड्या घेतल्या आणि पुढे जागेअभावी काढून टाकल्या. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणून आलेली अशी प्रत दिसायला गबाळी असते, तिच्यावर शिक्के आणि चिकट्या असतात. पण विसाव्या मिनिटाला निषादावर रेंगाळणारा आलाप ऐकायला तिथे रांग लागलेली नसते, त्यामुळे आतली तबकडी पुष्कळदा कोरी असते. मात्र तबकडीवरच चिकटवलेलं लेबल नखाने काढायला जाऊ नये. त्याच्याबरोबर चकाकणारा थर उचलला जातो आणि तिथलं संगीत कायमचं जातं.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचं गणित वेगळं आहे. तिथे बीथोव्हेनचं स्पेलिंग कुणी चुकत नाही, म्हणून स्वस्ताई अज्ञानातून येत नाही, घाऊकपणातून येते. नॅक्सॉस १९८७ साली स्वस्त दराचं लेबल म्हणूनच निघालं, आणि बाखच्या किंवा मोझार्टच्या चाळीस-पन्नास तबकड्यांचे खोके वापरलेले घेतले तर एकेक तबकडी कटिंग चहाच्या हिशेबात पडू शकते. ते सगळं ऐकणार कधी, हा प्रश्न घरचे विचारतीलच.

आपल्या संगीतात खरा फटका बसतो तो एकच ध्वनिमुद्रण तीनदा विकत घेण्याचा. ग्रामोफोन कंपनीची एचएमव्हीच्या वेष्टनात आलेली मुद्रणं मग आरपीजी या मालक उद्योगसमूहाच्या खुणेसह आली, २००० साली कंपनीचं नाव सारेगामा झाल्यावर पुन्हा आली, आणि दर वेळी मुखपृष्ठ नवं. कधी ‘द बेस्ट ऑफ’, कधी ‘सुवर्ण’ अमुक, कधी नुसता सूर्यास्ताचा फोटो. राग तोच असला म्हणजे मुद्रण तेच, असंही नाही. एका गायकाचा पूरिया धनाश्री दोन-तीन वेगळ्या मैफलींचा असू शकतो. त्यामुळे निकाल लावायचा तो मुद्रणाच्या लांबीवरून. मागच्या बाजूवरचे मिनिट-सेकंद ताडून पाहावेत. २१:३८ आणि २१:३८ जुळलं की बहुधा तेच. दोन-चार सेकंदांचा फरक टाळ्या कापल्यामुळेही पडतो, म्हणून साथीदारही जुळवावेत. एकूण वेळही बोलकी असते. सीडीत ७४ मिनिटं सहज मावतात आणि एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. तेव्हा सगळी मिळून चव्वेचाळीस मिनिटं भरणारी सीडी ही बहुतेक जुन्या एलपीची उतरवणी. त्यात वाईट काही नाही, फक्त नव्या मैफलीच्या भावाने ती घेऊ नये.

७८च्या तबकड्यांवरून उतरवलेल्या सीड्यांबाबत मिरजेच्या शेजारात राहणाऱ्यांनी जास्त चोखंदळ असायला हरकत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) मिरजेचे झाले, दर्ग्यात विसावले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यांची तीन-तीन मिनिटांची मुद्रणं अनेक संकलनांत आहेत, आणि ती सगळी सारखी नाहीत. दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे वेग. ७८ म्हटल्या जाणाऱ्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नसत. ८०ने केलेली ७८ने वाजवली, तर सूर जवळजवळ पाव स्वराने उतरतो. ‘पिया बिन नाही आवत चैन’ एका सीडीवर पेटीच्या काळी दोनच्या आसपास आणि दुसरीवर त्याहून खाली वाटलं, तर कान बिघडलेले नाहीत. दुसरी गोष्ट खरखर काढण्याची हौस. लाखेची खरखर वरच्या पट्ट्यात असते, आणि तंबोऱ्याच्या जवारीची झार, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारी गुंज, त्याच पट्ट्यात. सफाई जास्त झाली की खरखरीबरोबर झारही जाते आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना घोडीवर कानस किती हलकी फिरते हे ज्याने पाहिलंय, त्याला अशी सीडी फुकटही नको होईल. विकत घेण्याआधी कुठल्याही ॲपवर तेच संकलन अर्धा मिनिट लावावं. खरखर ऐकू आली तर खुशाल घ्यावं.

आता वस्तू. विकणारा ‘नियर मिंट’ (जवळजवळ नवी) लिहितो, तेव्हा तो तबकडीबद्दल बोलतोय की डबीबद्दल, हे विचारावं. दोन फोटो मागावेत: खालची बाजू ट्यूबलाइटखाली तिरपी धरून, आणि मधल्या भोकाभोवतीचं कडं जवळून. खालच्या चऱ्यांना लोक घाबरतात, पण तिथे १.२ मिलिमीटर जाड प्लॅस्टिक आहे आणि मजकूर त्याच्या पलीकडे. केंद्राकडून काठाकडे गेलेला आडवा चरा यंत्र सहसा सांभाळून घेतं. दोनेक मिलिमीटरपर्यंतची तूट भरून काढण्याची सोय सीडीच्या रचनेतच आहे. वाईट तो गोलाईने गेलेला चरा, कारण तो मजकुराच्या ओळीबरोबरच चालतो. त्याहून नाजूक छापील बाजू. तिथे चकाकत्या थरावर संरक्षक लेपाचा केवळ एक पापुद्रा असतो. तबकडी दिव्यासमोर धरून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर सोडून द्यावी.

काठाकडून तांबूस-तपकिरी झालेली तबकडी हा निराळा आजार. पीडीओ या सीडी बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्न कारखान्यातून १९८८ ते १९९३च्या सुमारास निघालेल्या काही सीड्यांवरचा हा लेप पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला टिकला नाही. मधल्या कड्यावर ‘मेड इन यू. के. बाय पीडीओ’ असं दिसलं, की काठाचा रंग पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. खालची बाजू चंदेरीऐवजी हिरवट, निळसर किंवा सोनेरी असेल, तर ती बहुतेक घरी ‘बर्न’ केलेली प्रत, मुखपृष्ठ कितीही सुबक असो. आणि ‘१०० बंदिशी, ५० रुपये’ म्हणजे एमपी३ सीडी. ती सीडी नव्हेच.

परदेशातून मागवताना तबकडी चार युरोंची आणि शिपिंग सोळाचं, असं सहज होतं. उपाय दोन. एका विकणाऱ्याकडून सहा-आठ एकदम घ्याव्यात. आणि डब्या काढून पाठवायला सांगावं. डबीसकट सीडी साधारण शंभर ग्रॅम भरते, त्यात खुद्द तबकडी पंधरा-सोळा ग्रॅमचीच. पुस्तिका आणि मागचा कागद धरूनही वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मागचा कागद ट्रेच्या खाली अडकवलेला असतो. तो काढताना कण्याच्या दोन घड्या सपाट करू नका, हे मुद्दाम लिहावं, नाहीतर तो पुन्हा नीट बसत नाही. रिकाम्या डब्या इथेही मिळतात. तसंही मधले दात तुटलेली डबी बदलावीच लागते, कारण त्यात तबकडी सुटून वाटभर घासत येते. सीमाशुल्क लागलं तर पोस्टमन ते दारात मागतो, आणि ते आकारताना शिपिंगही धरलं जाऊ शकतं. ते गृहीत धरूनच स्वस्त-महाग ठरवावं. पिन कोड मात्र ठळक लिहायला सांगावा. सांगलीचा ४१६४१६ हा परदेशी कारकुनाला चुकून दोनदा टाइप झाल्यासारखा वाटतो.

पार्सल आलं की परतीची मुदत संपायच्या आत वाजवून पाहावं, आणि तेही शेवटाकडून. सीडी आतून बाहेर वाचली जाते. बोटं लागतात काठाला, त्यामुळे दुखणं शेवटच्या दहा मिनिटांत निघतं. विलंबित ठाकठीक वाजतं आणि द्रुताची तिहाई अडखळते, ती यामुळे. सत्तर मिनिटांच्या सीडीला हा धोका जास्त, चाळीसवाली काठापर्यंत पोचतच नाही. अडखळली तर आधी धुवावी: कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मऊ कापड केंद्राकडून काठाकडे सरळ ओढायचं, गोल नाही. टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतात. तो प्लॅस्टिक घासतो, म्हणून अगदी नाइलाज असेल तेव्हाच.

लगोलग संगणकावर उतरवून घेतलेली बरी. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीचा वेगळा घ्यावा लागतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी फुकट आहे. आपली प्रत जगातल्या इतरांच्या प्रतींशी जुळली की नाही, तेही ते सांगतं. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता आकार कमी करणाऱ्या फाइलमध्ये, ठेवलं तर एक सीडी तीन-चारशे एमबीत बसते. नावं मात्र स्वतःच भरावीत. आयत्या यादीत गायकाच्या जागी ‘राग’ आणि रागाच्या जागी ‘ट्रॅक १’ आलेलं असतं. तबला, पेटी आणि तंबोऱ्याला कोण, हे पुस्तिकेतूनच घ्यावं. ॲपवर तेवढंच सहसा नसतं, आणि जुनी सीडी घेण्याचं निम्मं कारण तेच.

उरला पावसाळा. पुस्तिकेचा कागद गुळगुळीत, सर्दावला की पानं एकमेकांना धरतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि नदीकाठच्या पेठांत खालच्या फळीवर तर काहीच ठेवू नये. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत कृष्णा तिच्या बरीच वर गेली होती. पुराच्या पाण्याने तबकडी मरत नाही. गाळ वाळायच्या आत डबी उघडून ती वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि उभी करून निथळू द्यायची. पुस्तिका मात्र मिटलेली वाळली की वीट होते. ती ओली असतानाच पानापानांत प्लॅस्टिकचा कागद सरकवावा. तेवढी सवड नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली तरी निवांतपणे नंतर सोडवता येते. पुरात वीज कुठली, हे खरं. मग विश्रामबागेकडे ज्यांच्याकडे लाइट आहे असे पाहुणे गाठायचे, आणि त्यांच्या मटारशेजारी किशोरीताई आमोणकरांना आठवडाभर ठेवायचं.